पान लागलं तर: गावात नव्याने राहायला आलेल्यांसाठी सर्पदंशाचा प्रथमोपचार

गावात रात्रीच्या वेळी सापाचं नाव घेत नाहीत. 'लांबडं' म्हणतात, 'जनावर' म्हणतात, कोकणात 'किरडू' म्हणतात. आणि चावला तर 'पान लागलं'. शहरातून बदली होऊन आलेल्या एका शिक्षिकेच्या दारात पहिल्याच पावसाळ्यात शेजारच्या आजी धावत आल्या, ''बाई, नातवाला पान लागलंय, गाडी काढता का?'' बाईंना वाटलं, सुपारी लागते तसं काहीतरी झालं असेल. त्या पाण्याचा तांब्या आणायला आत वळल्या. आजींनी हाताने फणा करून दाखवला तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. मुलगा बरा झाला, पण बाई अजून सांगतात, ''शब्द माहीत नव्हता म्हणून दोन मिनिटं गेली.''

प्रथमोपचाराचे वर्ग घेताना मी म्हणूनच आधी हा शब्द सांगतो आणि मग पट्टी-फळीकडे वळतो. हा लेख त्या बाईंसारख्यांसाठी आहे: शिक्षक, ग्रामसेवक, बँकेत नव्याने रुजू झालेले, शेतावर घर बांधून राहायला आलेले.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. सापाच्या विषावर औषध एकच आहे, प्रतिसर्पविष, आणि ते घरात ठेवायची वस्तू नाही. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ते बनवतात. गावात त्याला 'सापाची लस' म्हणतात, दवाखान्यात 'एएसव्ही'. ते शिरेतून द्यावं लागतं आणि देताना जवळ डॉक्टर लागतो. तेव्हा तुमच्या हातात विष उतरवणं नाहीच. तुमच्या हातात आहे वेळ वाचवणं आणि माणसाला आणखी इजा होऊ न देणं. हे काम छोटं वाटतं, पण मी पाहिलेल्या बहुतेक बिघडलेल्या केसेस विषाइतक्याच या दोन गोष्टींमुळे बिघडल्या होत्या.

साप चावण्याआधीची पायरी

सामान लावून झालं की पहिल्याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक चक्कर मारा. तीन प्रश्न विचारा. एएसव्हीच्या कुप्या आत्ता आहेत का आणि किती? रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का? व्हेंटिलेटर असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय कोणतं? पहिल्याच डोसाला साधारण आठ ते दहा कुप्या लागतात, त्यामुळे 'दोन आहेत' या उत्तराचा अर्थ पुढच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावं लागेल असा होतो. हे रात्री दोन वाजता कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. गावच्या आशाताईंना यातलं बरंच तोंडपाठ असतं, त्यांच्याशी ओळख करून घ्या. गावात रात्री कुणाची चारचाकी निघू शकते, हेही विचारून ठेवा.

साप चावला

पहिलं काम सापापासून लांब होणं. एक चावा घेतलेला साप दुसराही घेऊ शकतो. माणसाला पाच-सहा हात बाजूला न्या, बॅटरी लावा. सापाला मारायच्या किंवा पकडायच्या नादी लागू नका. त्यात वेळ जातो आणि दुसरा माणूस चावून घेतो. मेलेल्या, अगदी तुटलेल्या डोक्यानेही साप काही वेळ चावू शकतो. लांबून फोनवर फोटो मिळाला तर घ्या, नाही मिळाला तर सोडून द्या. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच आहे. डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात, त्यांना टेबलावर साप लागत नाही.

मग माणसाला आडवं करा. ''चालत जाऊ दे, चालता येतंय की'' असं कुणी म्हणेल, ऐकू नका. स्नायू हलले की विष अंगभर लवकर पसरतं. चावलेला हात किंवा पाय कमीत कमी हलावा, एवढंच सूत्र.

धीर द्या. हे पुस्तकी वाटेल, पण घाबरलेल्या माणसाचं काळीज धडधडतं, तो उठबस करतो, घाम फुटतो, चक्कर येते, आणि घरच्यांना वाटतं विष चढलं. खोटं बोलायची गरज नाही, खरंच पुरेसं आहे: आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असं नाही. फक्त हे सांगून घरी बसू नका. बिनविषारी होता की नव्हता ते दवाखान्यात ठरेल.

अंगठी, बांगड्या, घड्याळ, कडं, जोडवी, पैंजण, पायातले बूट ताबडतोब काढा. सूज यायला लागली की हेच दागिने दोरीसारखे आवळतात. जोडवी काढायला बायका बिचकतात. सासूबाईंना समजावून सांगायची वेळ आली तर समजवा, नाहीतर सरळ काढा.

आता फळी. पायाला चावला असेल तर पायाच्या लांबीची काठी, फळकूट, छत्री, घडी केलेलं जाड वर्तमानपत्र, जे हाताशी असेल ते पायाशेजारी ठेवून ओढणीने किंवा उपरण्याने बांधा. हाड मोडल्यावर बांधतात तसं: पाय हलू नये एवढं घट्ट, पण पट्टीखाली बोट सहज जाईल एवढं सैल. हाताला चावला असेल तर झोळी करून गळ्यात अडकवा.

आणि घड्याळ बघा. किती वाजता चावला ते लिहून ठेवा, तळहातावर लिहिलं तरी चालेल. सूज दिसत असेल तर तिच्या कडेला पेनने रेघ मारून वेळ टाका. दर वीस-पंचवीस मिनिटांनी सूज जिथवर पोहोचेल तिथे नवी रेघ मारा. डॉक्टरला या दोन-तीन रेघा अर्ध्या पानाच्या हकिकतीपेक्षा जास्त सांगतात.

हे सगळं जमलेल्या हातांनी पाच मिनिटांत होतं. एकजण फळी बांधतो तेव्हा दुसऱ्याने १०८ ला फोन लावलेला असला पाहिजे. एकापाठोपाठ एक नव्हे, एकाच वेळी.

काय करायचं नाही

वर्गात मी या भागाला सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण प्रत्येक चुकीमागे कुणाचा तरी जीव वाचवायची धडपड असते.

दोरी आवळून बांधू नका. 'विष वर चढू नये म्हणून' हे सगळ्यांना पटतं, पण घडतं वेगळंच. रक्त अडतं, हातपाय काळानिळा पडतो, आणि फुरसं किंवा घोणस चावली असेल तर ज्या जागी विष मांस कुजवतं तिथेच आपण ते कोंडून ठेवतो. तुम्ही पोहोचण्याआधी कुणी दोरी आवळलेली असेल तर मात्र रस्त्यात ती सोडू नका. कोंडलेलं विष एकदम रक्तात जाऊन श्वास थांबू शकतो. तशीच दवाखान्यात न्या, इंजेक्शन सुरू करून डॉक्टर ती सोडतील.

ब्लेडने कापू नका. तोंडाने विष ओढू नका. बर्फ, चुना, हळद, पेट्रोल, पोटॅश, जळता कोळसा काहीही लावू नका. जखम चोळून धुऊ नका. चहा, दारू, तूप पाजू नका. गिळायचे स्नायू मंदावले असतील तर प्यायलेलं फुप्फुसात उतरतं. डिस्प्रिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम देऊ नका, रक्त आधीच पातळ व्हायच्या वाटेवर असू शकतं. त्याच कारणाने वाटेतल्या दवाखान्यात 'दुखणं थांबायला' कमरेत इंजेक्शन घेऊ नका.

कडुलिंबाचा पाला खायला देऊन तो कडू लागतो की गोड यावरून विष ओळखायची पद्धत अजून आहे. मिरचीची परीक्षाही आहे. कोंबड्यांची पाठ जखमेला लावणं आहे. काही गावांत आधी मारुतीच्या देवळात नेतात. यांपैकी कशानेही विष उतरत नाही, पण 'उतरलं' असं मात्र वाटतं, कारण बिनविषारी सापाच्या किंवा कोरड्या, म्हणजे विष न सोडलेल्या, चाव्याचा माणूस काहीही केलं तरी बराच होतो. भगताचं नाव त्यावरच चालतं. गावात नवखे असताना यावर वाद घालत बसू नका. मी सांगतो ते वाक्य वापरून बघा: ''देवाचं दवाखान्यातून आल्यावर सगळे मिळून करू.'' त्यात कुणाचा अपमान होत नाही आणि गाडी निघते.

गाडीत

१०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. ती गाडी विनामूल्य येते, तिच्यात डॉक्टर असतो आणि प्राणवायूही. फोनवर गावाचं नाव, तालुका, ओळखीची खूण आणि 'सर्पदंश' हा शब्द सांगा. गाडी किती वेळात येईल ते विचारा. घाटातल्या वाडीवर तासभर लागणार असेल तर वाट बघत बसू नका, मिळेल त्या वाहनाने निघा आणि वाटेत त्यांना गाठायचं ठरवा. काहीच नसेल तर मोटारसायकलही चालते: चालवणारा पुढे, रुग्ण मध्ये, धरणारा मागे. रुग्ण शुद्धीवर असेल तरच, आणि एकट्याला मागे बसवून कधीच नाही.

चारचाकीत माणसाला डाव्या कुशीवर झोपवा, तोंड थोडं खाली राहील असं. उलटी झाली तरी ती बाहेर येते, श्वासनळीत जात नाही. एकाने डोक्याशी बसून त्याच्याशी बोलत राहावं. हे बोलणं म्हणजे तपासणीच: वर बघ, जीभ बाहेर काढ, उशीवरून मान उचल, एका दमात आकडे मोज. पापण्या मिटायला लागल्या, दोन-दोन दिसायला लागलं, शब्द जड झाले, मघाशी तिसापर्यंत जाणारा आकडा बारावर थांबला, तर विष मज्जासंस्थेवर गेलं आहे. मग रुग्णालयाला फोन करून तसं सांगा.

श्वास थांबला तर? इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण नाग आणि मण्यारीच्या विषात हेच होतं. श्वासाचे स्नायू लुळे पडतात, काळीज मात्र काही वेळ चालू असतं. तेवढ्यात कुणी श्वास देत राहिलं तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. नाक चिमटीत धरा, हनुवटी वर करा, तोंडाला तोंड लावून दर पाच-सहा सेकंदांना एक श्वास सोडा, छाती वर येताना दिसली पाहिजे. प्रतिसाद नाही, श्वास नाही आणि नाडीचाही भरवसा वाटत नाही, तर गाडी थांबवून त्याला कठीण जागेवर उताणा झोपवा आणि छातीच्या मधोमध दाब द्या: मोठ्या माणसाला पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, तीस दाबांनंतर दोन श्वास. १०८ ला पुन्हा फोन लावा आणि मदत येईपर्यंत थांबू नका.

आणि मण्यारीच्या माणसाला 'गेला' म्हणू नका. डोळे मिटलेले, अंग लुळं पडलेलं, हाक मारली तर काही नाही, बाहुल्याही हलत नाहीत. आत मात्र तो ऐकत असतो. व्हेंटिलेटरवर दिवस काढून बसते झालेले रुग्ण खाटेभोवती कोण काय बोललं ते नंतर सांगतात. अशा खाटेशी रडारड सुरू झाली की मी लोकांना बाहेर काढतो.

चौघांची ओळख, कामापुरती

ओळख पटली नाही म्हणून काही अडत नाही, पण लक्षणं माहीत असली की माणूस फसत नाही.

घोणस चावली की प्रचंड दुखतं, तासाभरात सूज चढते. पुढे हिरड्यांतून, लघवीतून रक्त, मूत्रपिंडावर घाव. उसात, पाचटात, कडब्याच्या गंजीत ती असते आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते. अंगावर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी. लहान घोणस आणि अजगराचं पिल्लू यांच्यात लोक नेहमी गोंधळतात, म्हणून 'अजगराचं पिल्लू आहे' म्हणून उचलायला जाऊ नका. फुरसं त्याहून लहान, कोकणातल्या जांभ्या कातळावर दगडाखाली. अंगाचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. त्याचंही विष रक्तावर जातं. नागाच्या चाव्याला सूज आणि लुळेपणा दोन्ही.

मण्यार मात्र फसवते. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला अंथरुणात चावते, दात इतके बारीक की खूण सापडत नाही, दुखत नाही, सूज नाही. पहाटे माणूस उठतो तो पोटात कळ घेऊन. उलटी होते, घसा धरतो. घरचे ओवा देतात, एखाद्या ठिकाणी पित्ताची गोळी देऊन परतही पाठवतात. दोन तासांनी पापण्या उघडेनात. म्हणून हे पाठ करा: पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाचं, विशेषतः मुलाचं, पहाटे अचानक पोट दुखलं आणि पापण्या जड झाल्या, तर खूण दिसो न दिसो, सर्पदंश समजून निघा. डॉक्टरांना 'जमिनीवर झोपला होता' हे वाक्य आपणहून सांगा.

सह्याद्रीतल्या हिरवा चापडा या विषारी सापावर आपलं एएसव्ही चालत नाही. तरी प्रथमोपचार तोच आणि दवाखानाही तोच.

विंचवाचं इथेच एका ओळीत: कोकणातला लाल विंचू मुलाचा जीव घेऊ शकतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरायची वाट दाखवली आणि मृत्यू कमी झाले. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय दिसले की झाडपाला नको, दवाखाना.

दवाखान्यात

सांगायचं एवढंच: किती वाजता चावला, कुठे, तेव्हापासून काय काय दिसलं, कुणी काय लावलं किंवा पाजलं. शेवटचं लपवू नका.

डॉक्टर लगेच इंजेक्शन देत नाहीत म्हणून नातेवाईक चिडतात. इथे तुमच्यासारखा शांत माणूस उपयोगी पडतो. विषाची लक्षणं दिसल्याशिवाय एएसव्ही देत नाहीत, कारण त्याची स्वतःची तीव्र रिॲक्शन येऊ शकते. आधी एक साधी चाचणी करतात: कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ते वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही, पातळच राहिलं, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची ताकद गेली आहे. नळी उचलून बघू नका, हलली की पुन्हा करावी लागते. लक्षणं नसली तरी २४ तास ठेवून घेतात, तेव्हा सकाळी 'आता बरा आहे' म्हणून घरी नेऊ नका. लहान मुलाला मोठ्या माणसाएवढाच डोस देतात, कारण सापाने मुलाला कमी विष टोचलेलं नसतं. ''एवढ्याशा पोराला दहा बाटल्या?'' हा प्रश्न त्यामुळे विचारू नका.

दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं तर काय काय दिलं आणि किती वाजता, त्याची चिठ्ठी मागून घ्या. घरी आल्यावर लघवी काळी-लाल किंवा कमी व्हायला लागली, किंवा आठवड्याभराने ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आलं, तर परत जा. दवाखान्याच्या कागदावर 'सर्पदंश' लिहिलेलं आहे ना ते बघा आणि कागद जपून ठेवा. घरातला माणूस दगावला तर शेतकरी कुटुंबाला राज्याच्या अपघात अनुदान योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. नेमका कागद नाही म्हणून ते अडलेलं मी पाहिलं आहे.

राहता राहिलं घर. खाटेवर झोपा, निदान पावसाळ्यात. मच्छरदाणी लावा आणि तिची कड चारी बाजूंनी गादीखाली खोचा. मण्यारीला अडवणारी याहून स्वस्त वस्तू नाही. जळणात किंवा गंजीत हात घालण्याआधी काठीने हलवा. रात्री बाहेर पडताना बॅटरी, पायात बूट. बॅटरीचे सेल आजच बदलून घ्या, आणि आरोग्य केंद्रात अजून गेला नसाल तर सोमवारी सकाळी जा, ओपीडीत डॉक्टर भेटतील.